नांदेड-लातूरच्या शेतात उतरणारे फुगे आणि मृगातले नवे तारे

दर वर्षी पावसाळा सरला की मराठवाड्यातल्या वर्तमानपत्रांत आत कुठेतरी एक छोटी सूचना येते. हैदराबादहून वैज्ञानिक उपकरणं घेऊन मोठे फुगे सोडले जाणार आहेत, ती उपकरणं नांदेड, लातूर, धाराशिव, सोलापूर अशा जिल्ह्यांत उतरू शकतात, सापडली तर हात लावू नका आणि पोलिसांना कळवा, असं त्यात लिहिलेलं असतं. बहुतेक लोक ती वाचून पान उलटतात. मग एखाद्या दिवशी खरंच काहीतरी उतरतं, आणि गावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर उपग्रह पडला, ड्रोन पडला, बॉम्ब पडला अशा बातम्या तासाभरात फिरायला लागतात.

जानेवारी २०२५ मध्ये असंच झालं. लातूरला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यात, हुमनाबाद तालुक्यातल्या जलसंगी गावात, फुग्याला बांधलेलं यंत्र थेट एका घरावर येऊन पडलं. डिसेंबर २०२२ मध्ये तेलंगणाच्या विकाराबाद जिल्ह्यात एका शेतात भलीमोठी कुपी उतरली होती. ती एका स्पॅनिश कंपनीच्या चाचणीची होती. दोन्ही वेळा फुगा सोडणारी संस्था एकच होती: टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर. तिचं हैदराबादमधलं फुगा केंद्र.

हे फुगे नेमके कशासाठी सोडतात? कारणं बरीच आहेत. कधी वातावरणातले धूलिकण मोजायचे असतात, कधी नव्या उपकरणाची चाचणी घ्यायची असते. पण या केंद्राच्या कामातला एक मोठा भाग असा आहे, जो ऐकून विश्वास बसत नाही. आपल्या डोक्यावरून जाणाऱ्या या फुग्यांखाली दुर्बीण टांगून शास्त्रज्ञ तारे कसे जन्माला येतात ते बघत आले आहेत.

तारा जन्मतो कुठे?

तारा म्हणजे आग, मग तो कुठेतरी भयंकर गरम जागी तयार होत असणार, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात उलट आहे. तारे विश्वातल्या सगळ्यात थंड जागांपैकी एका ठिकाणी जन्मतात.

ताऱ्यांच्या मधली जागा पूर्ण रिकामी नसते. तिथे वायू असतो, मुख्यतः हायड्रोजन, आणि त्यात वजनाने साधारण एक टक्का धूळ. ही धूळ म्हणजे वाळूसारखे सिलिकेट आणि काजळीसारखा कार्बन यांचे अतिसूक्ष्म कण. काही ठिकाणी हा वायू दाट होतो. धूळ बाहेरच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवते, आतला भाग थंड होत जातो, आणि हायड्रोजनचे सुटे अणू धुळीच्या कणांवर जोडीने चिकटून रेणू बनतात. असा ढग म्हणजे रेणवीय मेघ. त्याच्या आत तापमान उणे २६३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. निसर्गात यापेक्षा फार खाली जायला जागाच नाही, कारण उणे २७३ ला तळ येतो.

'दाट' हा शब्द मात्र जपून घ्या. आपण श्वास घेतो त्या हवेत एका घनसेंटिमीटरमध्ये २५ वर १८ शून्यं इतके रेणू असतात. मेघातल्या ज्या गाभ्यात तारा बनतो तिथे तेवढ्याच जागेत असतात दहा हजार ते दहा लाख. म्हणजे आपल्या प्रयोगशाळेतल्या चांगल्या निर्वात पोकळीइतका तो विरळ. पण हा गाभा पसरलेला असतो प्रकाशवर्षाच्या काही दशांशांइतका, म्हणून त्यात सूर्याएवढं वजन सहज मावतं.

थंडपणा का लागतो?

कारण दोन ताकदींची ओढाताण चालू असते. गुरुत्वाकर्षण वायूला आत खेचतं. वायूची उष्णता त्याला बाहेर ढकलते. वायू गरम असेल तर दाब जिंकतो आणि ढग फुगलेला राहतो. वायू थंड झाला आणि एका जागी पुरेसा जमला, की गुरुत्वाकर्षण जिंकतं. किती वायू जमला म्हणजे पुरे, याचं गणित ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स जीन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. तो हिशेब आजही पायाभूत मानतात.

एकदा कोसळणं सुरू झालं की पुढचे टप्पे साधारण असे येतात:

पहिला टप्पा: गाभा स्वतःच्या वजनाने आत पडायला लागतो. सुरुवातीला तो गरम होत नाही, कारण दाबातून निघालेली उष्णता धूळ आणि रेणू अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकत राहतात. याला काही लाख वर्षं लागतात.

दुसरा टप्पा: मधला भाग इतका दाट होतो की उष्णता बाहेर पडू शकत नाही. आत दाब वाढतो आणि कोसळणं थोडं थांबतं. हा पहिला टिकाऊ गाभा. रिचर्ड लार्सन यांनी १९६९ मध्ये संगणकावर गणित करून हे दाखवलं.

तिसरा टप्पा: तापमान दोन हजार अंशांच्या आसपास गेलं की हायड्रोजनचे रेणू तुटायला लागतात. त्यात ऊर्जा खर्च होते, आधार जातो, आणि दुसऱ्यांदा कोसळणं सुरू होतं. त्यातून तयार होतो आदितारा. त्याच्याभोवती वायूची तबकडी फिरते आणि दोन्ही ध्रुवांतून वायूचे झोत सुटतात.

हा आदितारा अजून खरा तारा नाही. केंद्रात तापमान एक कोटी अंशांच्या घरात जाऊन हायड्रोजन जळायला लागतो तेव्हा तो तारा होतो. सूर्यासारख्या ताऱ्याला तिथपर्यंत पोचायला काही कोटी वर्षं लागतात. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये जेम्स वेब दुर्बिणीने वृषभ राशीच्या दिशेतल्या एल-१५२७ नावाच्या आदिताऱ्याचं वाळूच्या घड्याळासारखं दिसणारं चित्र पाठवलं होतं, आठवत असेल. त्याचं वय फक्त लाखभर वर्षं. ताऱ्यांच्या हिशेबात तो अजून पाळण्यात आहे.

ढग भरून येतात, पण…

आता खरा प्रश्न. आपल्या आकाशगंगेत असे मेघ भरपूर आहेत. ते सगळे सरळ कोसळले असते, तर वर्षाला शेकडो सूर्य तयार व्हायला हवे होते. प्रत्यक्षात तयार होतात सूर्याच्या एक-दोन पट वजनाचे तारे. आभाळ भरून येतं आणि चार थेंब टाकून पुढे जातं, हा अनुभव मराठवाड्याला कोणी नव्याने सांगायला नको. तारकीय मेघांचंही तसंच आहे. बहुतेक वायू तारा न बनताच पांगतो.

का? संशयित तीन. एक, मेघातली खळबळ, म्हणजे वायूचे वेडेवाकडे प्रवाह. दोन, चुंबकीय क्षेत्र, जे वायूला धरून ठेवतं. तीन, आधी जन्मलेले मोठे तारे. त्यांचा प्रखर अतिनील प्रकाश आणि वारे उरलेल्या मेघाला तापवतात, फोडतात, उडवून लावतात. कधी कधी मात्र हेच वारे शेजारचा वायू दाबून नवे तारे जन्मालाही घालतात. कोणाचा वाटा किती, यावर खगोलशास्त्रात आजही वाद आहे. युरोपच्या हर्शेल दुर्बिणीने २००९ ते २०१३ या काळात दाखवलं की मेघांमध्ये धाग्यांचं जाळं असतं, आणि गाभे बहुतेक या धाग्यांवर, माळेतल्या मण्यांसारखे ओवलेले असतात. त्यामुळे चित्र स्पष्ट झालं, पण वाद मिटला नाही.

तिसऱ्या संशयिताला पकडायचं असेल तर एक खास खूण शोधावी लागते, आणि इथेच हैदराबादचा फुगा कामाला येतो.

१५८ मायक्रॉनची खूण

मोठ्या ताऱ्याचा अतिनील प्रकाश मेघाच्या कडेवर पडला की तिथल्या कार्बनच्या अणूंतून एकेक इलेक्ट्रॉन निघून जातो. असा कार्बन आजूबाजूच्या वायूची ऊर्जा घेऊन ती एका ठरावीक तरंगलांबीवर बाहेर टाकतो: १५८ मायक्रॉन. डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या दोनशे पटींहून जास्त लांब. मेघाच्या कडेचा वायू मुख्यतः या वाटेने थंड होतो. म्हणून आकाशात १५८ मायक्रॉनचा नकाशा काढला, की नवे तारे मेघाला कुठे आणि किती तापवताहेत ते कळतं.

अडचण एकच. हे किरण जमिनीवर पोचत नाहीत. हवेतली वाफ ते वाटेतच पिऊन टाकते. मग दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागते. उपग्रह महाग. फुगा स्वस्त. साधारण तीस किलोमीटर उंचीवर गेलात की ९८-९९ टक्के हवा आणि जवळपास सगळी वाफ खाली राहते.

टीआयएफआरची एक मीटर व्यासाची दुर्बीण ऐंशीच्या दशकापासून अशी उडते आहे. आधी तिच्यावर थंड धुळीचा प्रकाश मोजणारी उपकरणं होती. ती १५० आणि २१० मायक्रॉनच्या आसपास बघायची, आणि त्यांचे शोधक शून्याच्या तळापासून फक्त ०.३ अंश वर थंड ठेवावे लागायचे. नंतर जपानी शास्त्रज्ञांबरोबर १५८ मायक्रॉनचा वर्णपटमापक बसवला. स्वर्णकांती घोष, भास्वती मुखर्जी, देवेंद्र ओझा अशा शास्त्रज्ञांची नावं या कामाशी जोडलेली आहेत. २००३ मध्ये या चमूने मृग नक्षत्रातल्या मेघाचा मोठा नकाशा प्रसिद्ध केला. पुढे २०१३ मध्ये आरसीडब्ल्यू-३८ आणि २०२१ मध्ये आरसीडब्ल्यू-३६ या दक्षिण आकाशातल्या ताऱ्यांच्या जन्मस्थळांवर निबंध आले. त्यातलं आरसीडब्ल्यू-३६ तर धाग्यासारख्या मेघातच वसलेलं आहे. हैदराबाद विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे दक्षिणेकडचं बरंच आकाश इथून दिसतं, याचा इथे फायदा होतो.

आणि हो, मृग म्हणजे तोच मृग. जूनमध्ये सूर्य त्या नक्षत्रात जातो म्हणून आपण 'मृग निघाला' म्हणतो आणि पेरणीची तयारी करतो. पण तेव्हा ते नक्षत्र सूर्यासोबत असल्यामुळे दिसत नाही. दिसतं ते थंडीत, नेमकं फुग्यांच्या हंगामात. रात्री ज्वारी किंवा हरभरा राखायला गेलात तर मृगाच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे शोधा. त्यांच्या थोडं खाली एक धूसर ठिपका दिसेल. तेरा-साडेतेराशे प्रकाशवर्षं दूर असलेला तो तेजोमेघ म्हणजे आपल्याला सर्वांत जवळचं मोठं ताऱ्यांचं जन्मस्थान.

मग आत्ताच याची चर्चा का?

कारण हे बघणारे डोळे एकामागून एक मिटले आहेत. हर्शेलचं थंड ठेवणारं हेलियम २०१३ च्या एप्रिलमध्ये संपलं. विमानात बसवलेली सोफिया ही अमेरिका-जर्मनीची दुर्बीण सप्टेंबर २०२२ मध्ये खर्चाच्या कारणावरून बंद केली. जेम्स वेब कितीही जबरदस्त असली तरी ती २८ मायक्रॉनच्या पुढे बघू शकत नाही. चिलीतली आल्मा दुर्बीण १५८ मायक्रॉनची खूण पकडते, पण फक्त फार दूरच्या आकाशगंगांमधली, कारण विश्वाच्या प्रसरणाने तिची तरंगलांबी ताणली गेलेली असते. आपल्या घरच्या आकाशगंगेसाठी तिचा इथे उपयोग नाही.

नासा पुढच्या दूर-अवरक्त मोहिमेचा विचार करते आहे. प्रीमा नावाचा प्रस्ताव २०२४ मध्ये अंतिम दोनांत निवडला गेला, पण दोनांतला एकच पुढे जाणार आणि उड्डाणाचं वर्ष धरलंय २०३२. तोवर काय? तोवर फुगे. नासाने ३१ डिसेंबर २०२३ ला अंटार्क्टिकावरून गस्टो नावाची फुगा-दुर्बीण सोडली. ती ५७ दिवस हवेत राहिली आणि तिने हीच कार्बनची खूण, शिवाय नायट्रोजन मोजला. ज्याला आपण जुनं तंत्र समजत होतो, ते पुन्हा आघाडीवर आलं आहे. आणि ते तंत्र अनेक दशकांपासून आपल्या शेजारच्या शहरात आहे.

तुलना प्रामाणिक हवी. अंटार्क्टिकावर फुगा ध्रुवाभोवती गोल फिरत राहतो, म्हणून आठवडेच्या आठवडे टिकतो. हैदराबादचा फुगा काही तासांचाच. शिवाय इथे एक वेगळी अडचण आहे. उष्ण कटिबंधात सोळा-सतरा किलोमीटरवर तापमान उणे ८० अंशांच्या आसपास जातं. तिथे साधं प्लास्टिक काचेसारखं तडकतं. म्हणून टीआयएफआरला त्या थंडीत टिकणारे फुगे स्वतः बनवायला शिकावं लागलं. हे फुगे वर गेल्यावर ५० ते ८५ मीटर व्यासाचे होतात, आणि त्यांची फिल्म किराणा दुकानातल्या पिशवीपेक्षाही पातळ असते.

याच केंद्रातून २००५ मध्ये गेलेल्या एका फुग्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा आणली होती. त्या प्रयोगामागे जयंत नारळीकर होते. त्या हवेत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्याचं इस्रोने २००९ मध्ये जाहीर केलं.

आपला संबंध कुठे येतो?

उपग्रह परत येत नाही. फुग्याखालची दुर्बीण परत येते, आणि पुन्हा उडते. हाच या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा. काम संपलं की रेडिओ संदेशाने दोर तोडतात, आणि उपकरण रंगीत पॅराशूटला लांब दोरीने लटकून खाली येतं. टीआयएफआरच्या सूचनेनुसार ते हैदराबादपासून साधारण २०० ते ३५० किलोमीटरवर उतरू शकतं. नकाशा काढून बघा: नांदेड आणि लातूर ही दोन्ही शहरं सरळ रेषेत हैदराबादपासून सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटरवर आहेत. उदगीर, देगलूर, मुखेड त्याहून जवळ.

म्हणजे त्या दुर्बिणीचं पुढचं उड्डाण होणार की नाही, हे शेवटी ज्याच्या रानात ती उतरली त्या माणसावर अवलंबून असतं. कोणी तांब्याच्या तारेसाठी खोक्याला हात घातला, कोणी आठवण म्हणून एखादा भाग घरी नेला, तर हातानं जुळवलेला आरसा किंवा अनेक वर्षं खपून बनवलेला शोधक जातो. त्याचा सुटा भाग कुठल्या दुकानात मिळत नाही. काही वेळा मोजमापांची नोंदही त्याच खोक्यात असते.

दुसरी बाजूही तितकीच खरी. ज्याच्या घरावर किंवा तुरीच्या ढिगावर आभाळातून काहीशे किलोचं यंत्र येऊन पडतं, त्याने घाबरणं चुकीचं नाही. 'घाबरू नका' एवढं सांगून भागत नाही. सूचना सरकारी मराठीत, जिल्हा माहिती कार्यालयाच्या पत्रकातून येते आणि तिथेच थांबते. ती हंगामाच्या सुरुवातीला पोलीस पाटील, ग्रामपंचायत आणि शाळा यांच्यापर्यंत, एका फोटोसह पोचली, तर निम्म्या अफवा जन्मतच नाहीत. सापडलेलं उपकरण न उघडता कळवणाऱ्याला बक्षीस आणि झालेला खर्च मिळतो, हे सूचनेत असतं. पिकाचं किंवा घराचं नुकसान झालं तर कोणाकडे जायचं, हेही तितक्याच ठळक अक्षरांत हवं. विज्ञानाला लोकांचं सहकार्य हवं असेल, तर हा व्यवहार दोन्ही बाजूंनी स्पष्ट असायला हवा.

शेजारच्या हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाला २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटींची मंजुरी दिली. मेलेल्या ताऱ्यांच्या टकरींचा आवाज तिथे ऐकला जाणार आहे. त्याची चर्चा मराठवाड्यात जोरात झाली, आणि व्हायलाच हवी. पण ताऱ्यांचा जन्म बघणारी दुर्बीण याच भागावरून जाते, ही गोष्ट अजून शाळांच्या विज्ञान प्रदर्शनातही फारशी दिसत नाही.

तुमच्या रानात उतरलं तर

लक्षात ठेवायच्या गोष्टी चारच:

- जवळ जाऊ नका, मुलांना लांब ठेवा. काही उपकरणांत जास्त दाबाची वीज असू शकते.
- खोकं उघडू नका, वायर ओढू नका, पॅराशूट कापू नका. छेडछाड झालेली दिसली तर बक्षीस मिळत नाही.
- खोक्यावर पत्ता आणि फोन नंबर लिहिलेला असतो. तिथे कळवा, किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात सांगा.
- व्हिडिओ काढायचा तर लांबून काढा, आणि ग्रुपवर टाकताना 'बॉम्ब' लिहू नका. 'टीआयएफआरचा फुगा' एवढं लिहा.

त्या खोक्यात कदाचित मृगातल्या एखाद्या मेघाचा नकाशा असेल. तो हैदराबादला पोचला, तर आभाळ भरूनही तारा का होत नाही, या प्रश्नाचं थोडंसं उत्तर त्यात सापडू शकतं.